लहान मुलांचा फ्लू खानदेशात दिसायला उशीर का लागला

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो. जुलै ते सप्टेंबर. थंडीच्या शेवटी आणखी एक लहानशी लाट येते. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पावसाळ्यात लेकरू तापलं, पोट उडायला लागलं, की घरचे म्हणतात छाती भरली आणि डॉक्टर लिहितात न्यूमोनिया. दोन्ही खरंच असतं, फक्त त्यामागे इन्फ्लुएन्झाचा विषाणू असू शकतो हे लक्षात यायला फार वर्षं गेली.

याला बऱ्याच अंशी 1918 ची फ्लूची साथ कारणीभूत आहे. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, सप्टेंबरमध्ये दुसरी, कितीतरी जीवघेणी लाट आली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर पोचली. खानदेश तर रुळांवरच वसलेला: भुसावळला नागपूर आणि खंडव्याचे फाटे फुटतात, जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे तापीकाठाने गाडी सुरतेला जाते. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. देशात 1 कोटी 20 लाखांहून अधिक माणसं गेली. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आधुनिक जनगणनेत असं एकदाच घडलं. या साथीत 20 ते 40 वयाची, कमावती माणसं मोठ्या संख्येने मेली. म्हणून फ्लू म्हणजे धडधाकट माणसाला उचलणारी साथ, अशीच तिची आठवण राहिली. तान्ह्यांचे मृत्यू त्या काळात एरवीही इतके होते, की ते वेगळे कोण मोजणार?

डॉक्टरांकडेही साधन नव्हतं. रिचर्ड फायफरने 1892 मध्ये एका जिवाणूला या रोगाचं कारण ठरवलं होतं आणि 1918 मध्ये बरेच जण त्यालाच शोधत बसले. माणसातला खरा विषाणू लंडनमध्ये 1933 साली हाती लागला. गंमत अशी, की फायफरच्या जिवाणूच्या एका प्रकारावरची, म्हणजे हिबची लस आज पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या सरकारी लसीतून फुकट मिळते. फ्लूची मात्र राष्ट्रीय लसीकरणात नाही.

1957 ची एशियन फ्लूची साथ, 1968 चा हाँगकाँग फ्लू, दोन्ही येऊन गेले. चित्र बदललं ते 2009 मध्ये. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तोही शाळकरी मुलीचा. घशाचा स्वॅब, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध, हे शब्द तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचले. तोच विषाणू पुढे हंगामी होऊन राहिला.

आकडे त्यानंतर हाती आले. 2018 साठीच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात फ्लूमुळे पाच वर्षांखालची सुमारे 8 लाख 70 हजार मुलं श्वसनमार्गाच्या खालच्या भागाच्या संसर्गाने रुग्णालयात दाखल झाली. रुग्णालयात दगावलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक सहा महिन्यांच्या आतली होती. या वयाला श्वासनलिका अरुंद, विषाणूची ओळख शून्य. थोडी सूज आली तरी दम लागतो, दूध ओढता येत नाही, अंगातलं पाणी कमी होतं. मागोमाग न्यूमोकॉकससारखा जिवाणू फुफ्फुसात शिरला, की बऱ्याचदा ऑक्सिजन लावावा लागतो. कुपोषण असेल तर हे सगळं लवकर घडतं, आणि नंदुरबारच्या सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या कुपोषणाबद्दल वेगळं सांगायला नको.

सहा महिन्यांच्या आत फ्लूची लस देता येत नाही. तिथे गरोदरपणी आईने घेतलेली लसच बाळाच्या कामी येते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी लस द्यावी, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पण ही लस खाजगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. आणि ऑसेल्टामिव्हिर, म्हणजेच टॅमिफ्लू, आजाराच्या पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. पाड्यावरून निघालेलं लेकरू आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून नंदुरबारला किंवा धुळ्याला पाठवलं जातं, तोवर हे तास बहुधा सरलेले असतात.