ऑपरेशननंतर सशाच्या लेंड्या मोजा

आंबा घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो, तेव्हा टोपलीवरचं फडकं जरा बाजूला करून आत पाहिलं. आमचा ससा भुऱ्या अंग आक्रसून बसला होता. सकाळीच कोल्हापुरात त्याची नसबंदी झाली होती. पुढ्यातली गवताची जुडी नि कोथिंबीर तशीच होती. डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट दोनदा बजावली होती: टाक्यांची फार काळजी करू नका, लेंड्यांवर लक्ष ठेवा.

आपल्याकडे बैल खच्ची करतात, बोकड करतात, नि ती जनावरं दोन दिवसांत चरायला लागतात. त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की आपलं सगळं लक्ष जखमेकडे जातं. सशाची जखम बहुधा आठ-दहा दिवसांत नीट भरून येते. ससा दगावतो तो आतडं थांबल्यामुळे.

सशाचं पोट कधी रिकामं नसतं. गवत सतत आत येतं आणि आतडं ते सतत पुढे ढकलतं. चोथा वेगळा होऊन कोरड्या, गोल लेंड्या बनतात. बारीक भाग मागे वळून उंडुकात, म्हणजे सीकममध्ये जातो. सशाच्या पोटातला हा सर्वांत मोठा अवयव. तिथे जंतू गवत आंबवतात, आणि त्यातून द्राक्षाच्या बारक्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या तयार होतात. ससा त्या थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात, त्यामुळे ही सवय मोडायला जाऊ नये. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली तर त्याला तिथवर पोचता येत नाही, म्हणून ससा टाके कुरतडत असेल तरच डॉक्टरांना विचारून ती घालावी.

हे चक्र दुखण्याने थांबतं. वेदना आणि भीती यांमुळे आतड्याची हालचाल मंदावते. आतला चोथा सुकतो, वायू धरतो, पोट आणखी दुखतं, मग ससा खाणं सोडतो, आणि खाणं सोडलं की आतडं आणखी थंडावतं. म्हणूनच सशाला ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. माणसाला किंवा कुत्र्याला उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी करताच येत नाही. कुणी उपाशी ठेवायला सांगितलं, तर सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्या.

देवरुखला घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ससा कोल्ह्या-मुंगसांचं भक्ष्य, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. ते ओळखता यावं म्हणून 2012 साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्याचं वेदनामापक प्रसिद्ध केलं. त्यात डोळे, गाल, नाकपुड्या, मिशा आणि कान अशा पाच जागा पाहतात. भुऱ्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, गाल चपटे दिसत होते, कान पाठीला चिकटले होते. मधूनच दात करकर वाजत होते. लाडात आलेला ससाही दात वाजवतो, पण तो आवाज अगदी हलका असतो. हा ऐकून पोटात खड्डा पडला. डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे मोजून दिलेलं मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध वेळेवर दिलं. घरातली माणसांची गोळी तोडून देऊ नका. उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल तर मुळीच नको, कारण तोंडावाटे दिलेलं हे औषध उंडुकातले चांगले जंतू मारतं, घातक जंतू फोफावतात आणि ससा जातो.

तेवढ्यात आई मऊ भाताची पेज घेऊन आली. आजाऱ्याला पेज देतात, तिचं काय चुकलं? पण पिष्ट पदार्थ उंडुकात गेले की जंतूंचा तोल बिघडतो आणि वायू धरतो. भात, भाकरी, पिकलं केळं यांतलं काहीच देऊ नये. मग आईनेच परसातून दूर्वा खुडून आणल्या, धुऊन निथळवल्या आणि एकेक काडी त्याच्या ओठांना लावत बसली. त्याने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी दिलेली गवताची पूड कोमट पाण्यात कालवून मी बिनसुईच्या सिरिंजने भरवायला घेतली. पुढचे दात आणि दाढा यांमध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने, एका वेळी अर्धा-एक मिली, गिळू देत देत. मान वर करून ओतायचं नाही, छातीत जातं. आणि पोट फुगून टणक झालं असेल तर भरवायचंच नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा.

पहाटे चारला पांढऱ्या पंचावर तीन लेंड्या दिसल्या. मिरीएवढ्या, काळ्या, सुकलेल्या. आईने टॉर्च मारून पुन्हा मोजल्या. नेहमीच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या असतात, त्या यायला आणखी दीड दिवस गेला. पण आतडं चालू झालं होतं. दहा-बारा तास खाणंही नाही आणि लेंडीही नाही, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, ती तातडीची वेळ आहे.

आपल्या हवेचं वेगळं बघावं लागतं. भुलीतून उठताना ससा गार पडतो, तेव्हा पहिले काही तास ऊब हवी. पण नंतर कोकणातला उन्हाळा त्याला सोसत नाही. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून, आणि हवा तिशीच्या आसपास गेली की त्याचा जीव कासावीस होतो. आम्ही त्याला पडवीत न ठेवता माजघरात ठेवलं. वीज गेली की बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायचो. त्याहून मोठी भीती माश्यांची. आंब्या-फणसांच्या दिवसांत हिरव्या माश्या ओल्या, घाण लागलेल्या केसांवर अंडी घालतात आणि दिवसभरात जखमेत किडे पडतात. म्हणून खाली भुसा नको, रोज धुतलेलं सुती फडकं हवं, वरून मच्छरदाणी, आणि दिवसातून दोनदा शेपटीखालचा भाग तपासणं. पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी धरते, तो वास आला तरी टाकून द्यावा.

मादीचं ऑपरेशन मोठं असतं, पोट उघडून गर्भाशय काढतात. तिला दहा-बारा दिवस उड्या मारू देऊ नयेत. तरी ते करावं, कारण वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. नर लवकर हुंदडायला लागतो, पण नलिकांमध्ये उरलेल्या शुक्राणूंमुळे तो चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, आणि सशाची मादी जेमतेम 31 दिवसांत विते. भुऱ्याची जोडीदारीण चिंगी अजून परसातल्या खुराड्यात आहे. जाळीला नाक लावून दोघं बसतात. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल केलाय, आणि जाळीला दोन ठिकाणी सुंभाने घट्ट बांधून टाकलंय.