पायांखाली वितळलेला समुद्र नाही

इंदूरच्या एखाद्या वसाहतीत बोअरिंगची गाडी लागली की गल्लीभर राखाडी भुकटी उडते, आणि वरची काळी माती व मुरूम संपल्यावर तिचा रंग फारसा बदलत नाही. मध्येच ती विटकरी होते आणि थोड्या वेळाने पुन्हा राखाडी. राखाडी भुकटी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाची असते. विटकरी पट्टा हा बहुधा दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात हवापाण्याने झिजून तयार झालेल्या मातीचा असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी असे प्रवाह एकावर एक साचत गेले आणि त्यांतून माळव्यापासून सह्याद्रीपर्यंतचा प्रदेश घडला. आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे.

एवढा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, आला कुठून? पातळ कवचाखाली सगळीकडे वितळलेला खडक उकळत आहे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. भूकवचाखालचे, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण जवळजवळ सर्वत्र घनच आहे. भूकंपाच्या ज्या आडव्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात, हा त्याचा पुरावा. तिथला खडक १,३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असूनही वितळत नाही, कारण वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याच्या कणांना सैल होऊ देत नाही.

त्यामुळे खडक वितळायला अधिक तापवावाच लागतो असे नाही. दाब कमी झाला तरी पुरते. कुकरमधले पाणी दाबाखाली १२० अंशांच्या आसपास असूनही धुमसून उकळत नाही, पण दाब एकदम सुटला तर खदखदते. प्रावरणातला तप्त खडक घन अवस्थेतच, वर्षाला काही सेंटीमीटर अशा गतीने वर सरकतो, वाटेत फारसा थंड होत नाही, आणि दाब पुरेसा उतरला की त्याचा काही भाग वितळू लागतो. दख्खनच्या लाव्हाचे मूळ बहुतेक भूवैज्ञानिक अशाच एका उष्ण स्तंभात शोधतात. भारत उत्तरेकडे सरकत असताना त्यावरून गेला, आणि आज तो स्तंभ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असे ते मानतात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

दुसरा मार्ग पाण्याचा. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो, तसा पाण्याने खडकाचा उतरतो. अंदमानजवळ भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा सरकता तुकडा, खाली घसरताना आपल्या खनिजांत कोंडलेले पाणी खोलवर नेतो, ते वरच्या प्रावरणात झिरपते, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या शिलारसावर बॅरन बेटाचा ज्वालामुखी पेटता राहतो.

खडक सहसा पूर्ण वितळत नाही. काही टक्केच वितळतो, आणि हा रस आधी कणांच्या फटींत पाझरतो. लोणच्याच्या बरणीत तेल वर येते, तसाच तोही वर चढतो, कारण पाण्याच्या तुलनेत त्याची घनता साधारण २.७ आणि भोवतालच्या प्रावरणाची ३.३ असते. मात्र भूकवचाचे खडक मुळातच हलके असल्यामुळे तिथे ही चढण मंदावते आणि रस साचतो. अशा साठ्याला शिलारसकोठी म्हणतात. हा शब्द मला थोडा फसवा वाटतो, कारण त्यातून रसाने काठोकाठ भरलेली पोकळी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या कोठीचा बराचसा भाग रवाळ तुपासारखा, स्फटिकांचा आणि त्यांच्यामधल्या थोड्या द्रवाचा असतो.

पुढचा प्रवास मात्र वेगवान असू शकतो. साठ्यातला दाब वाढला की खडक चिरतो आणि रस त्या भेगेत घुसतो. १० नोव्हेंबर २०२३ रोजी आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गावाखाली अशी सुमारे १५ किलोमीटर लांबीची भेग काही तासांत शिलारसाने भरली. भूकंपांच्या सरकत्या नोंदींवरून तिची वाट कळली आणि त्याच रात्री गाव रिकामे झाले. उद्रेक मात्र १८ डिसेंबरला झाला.

भेगेतच थिजलेल्या अशा शिलारसाच्या उभ्या भिंतीला डाइक म्हणतात. इंदूरहून सेंधव्यामार्गे धुळ्याकडे उतरल्यावर माळरानात मधूनच दगडी बांधासारख्या सरळ रांगा दिसतात, त्या याच. त्यांतली साक्री-धुळे-पारोळा भागातली एक जवळपास ७९ किलोमीटर लांब आहे. एकेकाळी ती जमिनीच्या पोटात होती. वरचे खडक झिजून गेल्यावरच उघडी पडली.