काळा तुकडा: कडप्पा की ग्रॅनाइट?

ग्रॅनाइटच्या दुकानामागे कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. हौसेनं मोझॅक, म्हणजे दगडाचे बारीक तुकडे जुळवून चित्र, करणाऱ्याची खाण तीच. आपल्याला दगड लागतो तरी किती? एक चौरस फूट काम आणि एक सेंटिमीटर जाडी धरली तर जेमतेम अडीच किलो. फक्त तिथं जाऊन "मोझॅकसाठी दगड पाहिजे" असं म्हणू नका. बेळगावात मोझॅक म्हणजे जुन्या घरातली ठिपक्यांची फरशी, त्यामुळे दुकानदार लगेच पॉलिशवाल्याचा नंबर देतो. "कापून उरलेले लहान तुकडे पाहिजेत" म्हटलं की काम होतं.

लाल, पिवळा, पांढरा दगड निवडताना फारशी फसगत होत नाही. घोळ काळ्यात होतो. ढिगावरच्या पोराला विचारलं तर तो म्हणतो "करी कल्लू", म्हणजे काळा दगड. मराठीत विचारलं तर "काळाच हाय की सगळा!" त्याचं खोटं नाही. पण त्या काळ्यात कडप्पाही असतो आणि काळा ग्रॅनाइटही, आणि दोघांची जात अगदी वेगळी.

मी हा धडा एका कावळ्यावर शिकलो. तुळशीच्या कट्ट्यावर बसवायला कावळा केला होता, दोन्ही दगड सरमिसळ वापरून. बसवला तेव्हा एकसारखा काळाभोर दिसत होता. एक पावसाळा गेला आणि पंखांवर राखाडी चट्टे उमटले.

कडप्पा हा चुनखडीचा दगड. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून त्याला नाव पडलं. आपल्या कलबुर्गीकडच्या शहाबादी फरशीचा तो भाऊबंदच, फक्त रंगानं काळा. थराथरांनी बनलेला असल्यानं तो थरावर फुटतो, म्हणून लादी कुठं जाड, कुठं पातळ. काळा ग्रॅनाइट हा पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसापासून थिजलेला दगड. खरं तर बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आपल्या कामाला त्यानं काही बिघडत नाही, कठीणपणा तोच.

ओळखायचं कसं? आधी तुकडा उलटा करा. ग्रॅनाइटची पाठ यंत्रानं कापलेली, सपाट, करवतीच्या रेघा असलेली. कडप्प्याची पाठ बहुतेक वेळा खडबडीत, कडेला थर दिसणारे. मग खिळा ओढा. कडप्प्यावर फिकट ओरखडा उठतो. ग्रॅनाइटवर उठलाच तर तो खिळ्याच्याच लोखंडाचा, बोटानं पुसला जातो. तरीही शंका राहिली तर लिंबू. पॉलिश केलेल्या बाजूवर थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. कडप्प्याची चकाकी तेवढ्या जागी मरते, ग्रॅनाइट ढिम्म राहतो. घरात कडप्प्याचा कट्टा असलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. चिंच-लिंबाचे डाग तिनं वर्षानुवर्षं घासलेले असतात.

मिळण्याच्या जागाही निराळ्या. ग्रॅनाइटसाठी सिंकचा चौकोन मागा. स्वयंपाकाच्या कट्ट्यात सिंक बसवताना मधला तुकडा कापून काढतात. दोन फूट बाय दीड फुटाचा असला तर तीन चौरस फूट दगड, वजन पंधरा किलोच्या आसपास. स्कूटरवर पायापाशी मावतो. कडप्पा नव्या दुकानात कमीच दिसतो. तो शोधायचा मोडल्या घरात. टिळकवाडीत, शहापुरात जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठतायत, तिथल्या राड्यात कट्टे, फडताळाच्या फळ्या, खिडकीच्या पट्ट्या सगळं कडप्प्याचं. मुकादमाला विचारून उचला, न विचारता नको.

कापताना फरक हाताला कळतो. कडप्पा हातोडी-छिन्नीला ऐकतो. ओंडक्यात छिन्नी धार वर करून उभी रोवायची, दगड तिच्यावर धरायचा आणि वरून हलकी हातोडी. थराला आडवा घाव बसला की चौकोनी कपची मिळते; थरात बसला तर पापडासारखा सुटतो, त्याला इलाज नाही. ग्रॅनाइटशी घरी झटापट करू नका. दुकानातल्या पाण्याच्या कटरवर सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या पाडून घ्या आणि घरी त्या पट्ट्या आडव्या फोडा. कोरडा ग्राइंडर लावला तर धूळ छातीत जाते, आणि दगडाची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. फोडताना चष्मा हवाच, कारण ग्रॅनाइटची कपची काचेसारखी उडते.

रंगाचं सांगायचं तर कडप्पा काळा दिसतो तो पॉलिशमुळे किंवा तेलामुळे. उन्हापावसात चकाकी गेली की राखेच्या रंगावर येतो, थरही सुटायला लागतात. आपल्याकडच्या पावसात, त्यातून खानापूरच्या बाजूला, उघड्यावर तो लावायचा तर हे धरूनच. घरातल्या भिंतीवर मात्र त्याच्या फुटक्या अंगाचा मऊ करडा काळा मला ग्रॅनाइटच्या आरशासारख्या काळ्यापेक्षा आवडतो. केस, सावली, म्हशीची पाठ यांना तोच शोभतो. बुबुळाला ग्रॅनाइट.

जात्या-पाट्याचा काळा दगड हा तिसरा, बेसाल्ट. टणक आणि टिकाऊ, पण दुकानाच्या ढिगात सहसा नसतो.

कावळा मी उखडून पुन्हा केला. गावकावळ्याची मान मुळातच राखाडी असते, तिथं कडप्पा लावला. पंख, चोच, शेपटी सगळी सिंकच्या चौकोनातली.