टी-२०६ : एका क्रमांकाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ मध्ये होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं काडेपेटीपेक्षा थोडंसंच मोठं कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. त्याची ओळख सांगताना सगळ्यांनी एक क्रमांक आवर्जून सांगितला : टी-२०६. गंमत म्हणजे हा क्रमांक कार्डावर कुठेच छापलेला नाही. कार्ड १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं. ते काढणाऱ्या तंबाखू कंपनीला हा क्रमांक ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, कारण तो पडला कित्येक वर्षांनी, आणि पाडला तो जेफरसन बर्डिक नावाच्या, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूस शहरातल्या एका कारखाना-कामगाराने. हौस म्हणून तो अशी कार्डं जमवी आणि त्यांची सूची करी.

आधी थोडं कार्डांविषयी. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटातून विकल्या जात. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवलेला असे. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या, पक्षी, झेंडे आणि बेसबॉलपटू आले. गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटींसोबत १८८६ ते १८९० या काळात शेकडो खेळाडूंची कार्डं काढली. फोटो स्टुडिओतले, झेल घेण्याचा आव आणणाऱ्या खेळाडूसमोर चेंडू चक्क दोरीला टांगलेला दिसतो! पण १८९० मध्ये जेम्स ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. प्रतिस्पर्धीच उरले नाहीत, मग गिऱ्हाइकाला चित्रांची लालूच कशाला? काही वर्षांत कार्डं जवळपास बंद पडली. बेसबॉलची कार्डं सिगारेटच्या पाकिटात परत आली ती १९०९ च्या सुमाराला.

ही मधली पोकळी वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बर्डिकने एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू-कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातल्यांना ‘टी’ अशी अक्षरं दिली. शतकाची रेघ एरवी मनमानी वाटली असती, पण इथे बाजाराने ती आधीच आखून ठेवली होती. म्हणून ‘ओल्ड जज’ एन-१७२ झालं, १९११ चा सोनेरी किनारीचा सेट टी-२०५ आणि १९१२ चा तपकिरी पार्श्वभूमीचा टी-२०७. बाकीची अक्षरं वस्तू कशासोबत किंवा कोणत्या रूपात मिळाली त्यावरून पडली : जुन्या मिठाई-गोळ्यांची कार्डं ‘ई’, नंतरच्या च्युइंगगमची ‘आर’, बेकरीची ‘डी’, रेशमी कापडावरची ‘एस’, कॅनडातल्या तंबाखूची ‘सी’. म्हणजे पहिला प्रश्न ‘खेळाडू कोण?’ हा नव्हेच. कार्ड कुठल्या मालासोबत आलं, हे आधी विचारायचं.

बेसबॉलच्या चाहत्याने कदाचित अशी विभागणी केली नसती. बर्डिकला मात्र छापील कागदाचाच नाद होता. त्याच्या तीन लाखांवरच्या संग्रहात बेसबॉलची कार्डं तीस हजारांच्या घरात, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. संधिवाताने हात वाकडे होत चालले असताना त्याने १९३९ मध्ये पहिली सूची काढली; ती पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने १९४६, १९५३ आणि १९६० मध्ये निघाली. सारा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि वर्षानुवर्षं तिथे बसून कार्डं स्वतःच वह्यांमध्ये चिकटवली. ते काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं. मार्चमध्ये तो गेला. त्या संग्रहात वॅगनरचं कार्डही आहे.

क्रमांकांवरून कालक्रम लावायला जाल तर फसाल. टी-२०६ सुरू झाला १९०९ मध्ये, टी-२०५ आला १९११ मध्ये, आणि ‘फातिमा’ सिगारेटींचा टी-२०० त्याहून नंतरचा, १९१३ चा. ही घराची पाटी आहे, जन्मतारीख नव्हे.

टी-२०६ या एका पाटीखाली मात्र अख्खी चाळ नांदते. पांढऱ्या किनारीची पाचशेच्या वर वेगवेगळी कार्डं आणि त्यांच्या पाठीवर सोळा ब्रँड : पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, पोलर बेअर, शिवाय चक्क ‘हिंदू’सुद्धा. संग्राहक या सेटला ‘राक्षस’ म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा बर्डिकचा क्रमांक जिथे थांबतो तिथून पुढची वर्गवारी पाठ उलटून होते. काही पाठींवर ‘१५० विषय’, काहींवर ‘३५० विषय’ (विषय म्हणजे वेगवेगळी चित्रं) असं छापलेलं असतं, त्यावरून मालिका ठरते. त्याखाली कारखान्याचा नंबर. तंबाखूवरच्या करासाठी हे नंबर असत. स्वीट कॅपोरलच्या पाठीवर २५ असेल तर माल व्हर्जिनियाचा, ३० असेल तर न्यूयॉर्कचा. सरकारी महसुलासाठी आलेला आकडा शंभर वर्षांनी हौशी लोकांच्या कामी यावा, हे मला या विषयातलं सगळ्यात लोभस वाटतं. पुढची बाजू तीच असली तरी पीडमाँटची पाठ सहज मिळते आणि ‘ड्रम’ची पाठ असेल तर किंमत कैक पटींनी चढते.

आणि मग येतं ‘कूपन’. लुइझियानातल्या या ब्रँडने तीन वेगवेगळ्या काळांत कार्डं दिली आणि बर्डिकने तिन्ही एकाच ब्रँडची म्हणून टी-२१३ खाली घातली. नंतरच्या दोन खेपांत नावं निळ्या अक्षरांत आहेत, ती वेगळी ठेवायला कुणाची हरकत नसते. पण १९१० च्या पहिल्या खेपेची पुढची बाजू थेट टी-२०६ ची : तीच चित्रं, तीच तपकिरी अक्षरं, फक्त कागद पातळ. ती मुळात टी-२०६ चीच सतरावी पाठ आहे, असं म्हणणारे बरेच आहेत. मलाही त्यांचं पटतं. बाकी सोळा ब्रँड एका छपराखाली चालतात, तर सतराव्याला वेगळं बिऱ्हाड का? विरोधी बाजू पातळ कागदाकडे बोट दाखवते आणि बर्डिकच्या क्रमांकाला हात लावायला राजी होत नाही. त्यामुळे विकताना या कार्डांवर आजही टी-२१३-१ असंच लिहिलं जातं.