लहान नौकांवरील आग
मासेमारीच्या लहान नौकेवर किंवा मोटरबोटीवर लागणारी आग टाळण्याची व विझवण्याची रीत. कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही. भोगावती-दूधगंगेच्या पात्रांत व राधानगरी, काळम्मावाडीच्या जलाशयांत वल्ह्याच्या होडीतून जाळे टाकणाऱ्याला ही चिंता फारशी नसते, आणि पुरात गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस आटवण्याची मोठी कढई) तराफ्यासारखी वापरणाऱ्यालाही नसते. मात्र पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पेट्रोलच्या मोटरबोटी वस्त्यांत शिरतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत त्यांनीच माणसे बाहेर काढली. माणसांनी भरलेल्या बोटीत पेट्रोल असते, हे म्हणूनच येथेही नीट समजून घ्यायला हवे.

पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. जमिनीवर सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याने पांगते, पण बोट ही वाटी आहे. वाफ तळाशी पाण्यासारखी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. स्वयंपाकाचा गॅसही असाच खाली बसतो, म्हणून सिलिंडर बंद कप्प्यात न ठेवता उघड्यावर बांधावा. सुटी टाकी बोटीत कधीच भरू नये. ती काठावर उतरवून जमिनीवर टेकवावी व नळीचे तोंड टाकीला लावूनच इंधन सोडावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. पुराच्या घाईत तापलेल्या मोटरीशेजारी कॅनने पेट्रोल ओतणे हा सर्वांत मोठा धोका आहे.

कोल्हापूरच्या बाजारात येणारी सुरमई, बांगडा पकडणाऱ्या कोकणातील यांत्रिक नौका डिझेलवर चालतात. डिझेल सहज पेटत नाही खरे, पण फुटक्या नळीतून उडालेला बारीक फवारा तापलेल्या धूरनळीवर पडला की भडका उडतो. त्यामुळे धूरनळीवरचे उष्णतारोधक वेष्टन व नळ्यांचे जोड वारंवार पाहावे लागतात. मासेमारी जहाजांच्या सुरक्षेचा १९७७ चा तोरेमोलिनोस करार २४ मीटर व त्याहून लांब जहाजांसाठी होता. लहान नौकेची भिस्त मुख्यतः तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) दक्षतेवरच राहते.

इंजिनखोलीतून धूर दिसला की झाकण उघडून डोकावण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आत शिरलेल्या हवेने आग उसळते. आधी सर्वांनी लाइफ जॅकेट चढवावे. इंजिन थांबवून इंधनाचा कॉक बंद करावा, हवेच्या वाटा बुजवाव्यात व लहान छिद्रातून कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पूड सोडावी. डिझेलवर पाणी मारू नये. ते पाण्यावर तरंगत आग पसरवते. लाकूड व जाळी यांवर मात्र पाणीच उत्तम. वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूला आग राहील अशी नौका वळवावी. समुद्रात व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर लगेच कळवावे.

दोन किलोचा पूड-अग्निशामक दहा-बारा सेकंदांतच रिकामा होतो, आणि पूड ज्वाळा विझवते पण तापलेले लोखंड थंड करत नाही. आग पुन्हा भडकू शकते, म्हणून झाकण बराच वेळ बंदच ठेवावे. अग्निशामक इंजिनखोलीत न टांगता सुकाणूजवळ हाताशी असावा.