रेशनच्या पिशवीत कोला बसतो का?

अमेरिकेत गरीब कुटुंबांना किराणा घेण्यासाठी सरकारकडून एक कार्ड मिळतं. दर महिन्याला त्यात पैसे जमा होतात आणि दुकानात ते डेबिट कार्डासारखं चालतं. योजनेचं नाव 'स्नॅप', लाभार्थी चार कोटींच्या आसपास. या कार्डावर दारू आणि सिगारेट मिळत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण गरम, तयार अन्नही मिळत नाही. म्हणजे दुकानात नुकतीच भाजलेली कोंबडी गरम आहे म्हणून चालत नाही आणि शेजारच्या फ्रीजमधली कोल्याची दोन लिटरची बाटली खुशाल चालते. हाच नियम मुंबईत आणला तर वडापाव बाद आणि कोल्ड्रिंक पास!

यावरचा वाद तिकडे साठ वर्षं जुना आहे. 1964 साली या योजनेचा कायदा होत होता, तेव्हा कनिष्ठ सभागृहाच्या मसुद्यात शीतपेयं वगळलेली होती. अंमलबजावणी कटकटीची होईल म्हणून ते कलम पुढे गळलं. 2010 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी आपल्या शहरापुरती अशी बंदी मागितली, पुढच्या वर्षी केंद्रीय कृषी खात्याने ती नाकारली. मग वारं फिरलं. 1 जानेवारी 2026 पासून इंडियाना, आयोवा, नेब्रास्का, यूटा आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत स्नॅपच्या पैशांवर गोड शीतपेयं मिळणं बंद झालं, आणि परवानगी दिली ती त्याच कृषी खात्याने.

आपल्याला काय त्याचं, असं वाटू शकतं. आपल्याकडे रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावायचा आणि गहू-तांदूळ घेऊन यायचं. कोल्ड्रिंक तिथे नसतंच. पण केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कुटुंबखर्च पाहणीत शहरी घरांच्या खर्चाचे 11 टक्के 'पेयं, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ' या एका खान्यात गेलेले दिसतात. खाण्यापिण्यातला हा सगळ्यात मोठा खर्च. त्यात टपरीवरचा चहा आणि खानावळीचं ताटही येतं, तेव्हा सगळा दोष वेफर्सच्या पाकिटावर टाकायला नको. तरी धारावी असो की मानखुर्द, रेशन दुकानातून बाहेर पडल्यावर पहिल्याच किराणा दुकानाच्या दाराशी पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात आणि फ्रीजमध्ये दहा रुपयांच्या बाटल्या. आणि रेशनऐवजी खात्यात पैसे द्या, ही मागणी आपल्याकडे अधूनमधून होतच असते. चंडीगड आणि पुदुच्चेरीत 2015 पासून तसं केलंही. पैसे हातात आले की अमेरिकेचा प्रश्न आपल्या दारात येतो.

आधी त्या बाटलीकडे बघू. साध्या कोल्यात 100 मिलीला साखर 10 ते 11 ग्रॅम, म्हणजे 200 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅमच्या पुढे, चहाचे चार-पाच चमचे. मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका छोट्या बाटलीत दिवसाचा कोटा जवळजवळ संपला, आणि चार कटिंग अजून व्हायच्याच आहेत.

पण साखर लाडवातही असते. मग पेयाचंच नाव का घ्यायचं? याचं उत्तर 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, पण छान आखलेल्या प्रयोगात सापडतं. 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरीच्या जेली गोळ्या खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरीचं सोडा पेय प्यायला दिलं. बाकी काय खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. गोळ्यांच्या दिवसांत लोक आपसूक जेवण कमी करत होते, जवळजवळ तेवढ्याच कॅलरींनी. पेयाच्या दिवसांत मात्र जेवण होतं तेवढंच राहिलं आणि पेयाच्या कॅलरी वर चढल्या. वजनही वाढलं. चावून खाल्लेल्या अन्नाचा हिशेब शरीर ठेवतं. प्यायलेल्या साखरेचा तसा ठेवत नाही. ती पोटात फार काळ थांबत नाही, पटकन रक्तात उतरते, आणि तिच्यातलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं. ते सतत आणि जास्त आलं, तर यकृत त्यातल्या काही भागाची चरबी करून ठेवतं. भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. त्या देशात ही यंत्रणा कोपऱ्यात ढकलण्यासारखी नाही. जंक फूडच्या यादीत एकाच गोष्टीवर बोट ठेवायचं तर मी गोड पेयावरच ठेवीन. त्यातून साखरेपलीकडे पोषण म्हणून काहीच मिळत नाही.

म्हणून गरिबांच्या कार्डावर ते बंद करावं का? इथे माझी पावलं जड होतात.

एक तर, गरीबच जास्त कोला पितात हा समज तपासायला हवा. अमेरिकी कृषी खात्याने 2016 मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या बिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्नॅपवाल्या घरांच्या किराणा खर्चात शीतपेयांचा वाटा साधारण 5 टक्के होता, बाकीच्या घरांत 4. फरक आहे, पण तो एवढाच. कोल्याची आवड दोन्हीकडे आहे, नियम मात्र एकाच बाजूला लागणार.

दुसरा प्रश्न खिशाचा. कार्डावर बाटली मिळाली नाही, तर माणूस तांदूळ कार्डावर घेईल आणि बाटली रोख पैशांनी. आपल्याकडेही रेशनचा तांदूळ फुकट मिळाल्यावर वाचलेल्या पैशांतून कुणी औषध आणतं, कुणी मुलाची फी भरतं. पैशाला पैसा जोडलेला असतो, त्यामुळे बंदी पोकळ ठरेल, असं अर्थशास्त्राचं साधं गणित सांगतं. पण माणसं एवढी गणिती नसतात. जस्टिन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो या अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये दाखवलं, की स्नॅपचा एक डॉलर जास्त मिळाला तर त्यातले पन्नास-साठ सेंट किराण्याच्या वाढीव खर्चातच जातात. तोच डॉलर रोख मिळाला तर खाण्यावर जेमतेम दहा. भिशीचे पैसे भाजीला काढायला जीव होत नाही, तसंच हे. लोक मनातल्या मनात डबे करतात आणि एका डब्यातलं दुसऱ्यात सहसा टाकत नाहीत. तेव्हा बंदीचा थोडा परिणाम होईल, असं मानायला जागा आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हे करूनही पाहिलं. 279 जणांचे चार गट करून त्यांना बारा आठवडे अन्नासाठी पैशांचं कार्ड दिलं. एका गटाला फळं-भाज्यांवर 30 टक्के परतावा, दुसऱ्याला गोड पेयं, केक-बिस्किटं आणि गोळ्या-चॉकलेटांवर बंदी, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. 2016 मध्ये निकाल आला. आहार सगळ्यात ठळक सुधारला तो तिसऱ्या गटाचा. एका हाताने काढून घेतलं तेव्हा दुसऱ्या हाताने काहीतरी दिलंही होतं. सध्या राज्याराज्यांत आलेल्या बंदीचा भर मात्र काढून घेण्यावर आहे.

यादी करायला बसलं की आणखी गंमत होते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या विक्रीकर नियमांत ज्या गोड पदार्थात मैदा असेल तो 'कँडी' धरत नाहीत. म्हणजे निव्वळ चॉकलेटची वडी कँडी, आणि तेच चॉकलेट बिस्किटावर थापलं की अन्न. निम्म्याहून जास्त फळांचा रस असलेलं पेय त्याच नियमांत शीतपेय नसतं. आता संत्र्याच्या रसात 100 मिलीला आठ-नऊ ग्रॅम साखर असते आणि द्राक्षाच्या रसात कोल्यापेक्षाही जास्त. यकृताला बाटलीवरचं फळाचं चित्र दिसत नाही. अशी यादी मुंबईत करायची तर उसाच्या रसाचं काय, शेवपुरीचं काय, फरसाणाचं काय, याचा निवाडा मंत्रालयात कुठल्या मजल्यावर होणार, देव जाणे.

साखरेवर खरोखरच लगाम घातल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटनचं, आणि तो लगाम सगळ्यांना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे साखर रेशनवर आली. (मुंबईतही 1943 साली धान्याचं रेशनिंग सुरू झालं, 'शिधावाटप' हा शब्द इथल्या सरकारी पाट्यांवर अजून आहे.) ब्रिटनमध्ये साखरेवरचं नियंत्रण सप्टेंबर 1953 मध्ये उठलं आणि थोड्याच काळात माणशी रोजची साखर साधारण 40 ग्रॅमवरून 80 वर गेली. संशोधकांच्या दृष्टीने हा आयता प्रयोग झाला. त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर गर्भात आलेली मुलं बाकी सगळ्या बाबतीत सारखीच, फरक फक्त साखरेचा. अशा सुमारे 60 हजार लोकांची म्हातारपणापर्यंतची आरोग्याची माहिती तपासून 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. आईच्या पोटात असताना आणि जन्मानंतरची पहिली दोनेक वर्षं ज्यांनी रेशनच्या काळात काढली, त्यांना टाइप 2 मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी कमी होतं आणि रक्तदाबाचं सुमारे 20 टक्क्यांनी. पन्नास-साठ वर्षांनंतर! मला हा अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सरदार असो की गिरणी कामगार, साखरेचं माप एकच होतं आणि दुकानात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

आज सगळ्यांना लागू होणारा लगाम म्हणजे कर. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. वर्षाअखेरीस खरेदी 12 टक्क्यांनी घटली होती आणि सगळ्यात जास्त घट गरीब घरांत झाली, तीही त्यांना वेगळं काढून काही न सांगता. आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे. आकडा दणदणीत वाटतो, पण आधीचे 28 टक्के आणि 12 टक्के उपकर मिळून तो 40 च होता. त्याच दिवशी बिस्किटांवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद फरसाणावरचा 12 वरून 5 वर. म्हणजे बाटली जिथल्या तिथे राहिली आणि दारातली पाकिटांची माळ स्वस्त झाली.

आपल्या बाजूचा खरा गुंता मात्र बाटलीत नाही, रेशनच्याच पिशवीत आहे. मुंबईत वर्षाला 59 हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. हिशेब केला तर रोज पावणेसहाशे कॅलरी. भूक भागवायला हा मोठा आधार आहे, आणि त्याला कुणी हात लावू नये. पण ही जवळजवळ सगळी पिष्टमय कॅलरी आहे. आयसीएमआरच्याच 2025 मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार भारतीयांच्या कॅलरीतला सुमारे 62 टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, आणि त्यात पांढरा तांदूळ आणि दळलेला गहू यांचाच भरणा. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. भाताबरोबर वरण हवं ते यासाठी. रेशनवर भात मिळतो, वरण विकत घ्यावं लागतं.

पैसे हातात दिले तर काय होतं, याची एक झलक दिल्लीत मिळाली. 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संस्थेच्या प्रयोगात काही कुटुंबांना रेशनऐवजी रोख रक्कम दिली. त्यांच्या अन्नसुरक्षेला धक्का लागला नाही, दारूवरचा खर्च वाढला नाही, आणि धान्य सोडून इतर पौष्टिक पदार्थांकडे वळायला त्यांना मोकळीक मिळाली. प्रयोग छोटा होता आणि मुंबईतल्या भाड्याच्या ओझ्याखाली तसंच होईल, असं काही नाही. पण गरिबाच्या हातात पैसा दिला की तो उडवणारच, हे गृहीत धरून बोलणाऱ्यांनी तो वाचावा.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर छापलेले होते. म्हणजे ज्वारी-बाजरी देण्याची सोय कायद्यातच आहे. तामिळनाडू रेशनवर तूरडाळ 30 रुपये किलोने देतं. महाराष्ट्राने 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात एकेक किलो रवा, साखर आणि चणाडाळ, शिवाय एक लिटर पामतेल. सणाला गोड नको असं मी म्हणणार नाही, करंजीला साखर लागतेच. पण त्या पिशवीतली चणाडाळ तेवढी सणापुरती का, हे आपल्या आमदाराला विचारायला हरकत नाही.