उंट कर्णावर, जीभ टाळूवर

बुद्धिबळाचे इंग्रजी समालोचन ऐकताना ‘फियान्चेटो’ हा शब्द हमखास कानावर पडतो. घोड्यासमोरचे प्यादे सरकवून त्या जागी उंट बसवला, की लांबच लांब कर्ण त्याच्या माऱ्यात येतो. त्या रचनेचे हे नाव. पण मूळ इटालियन शब्दात ‘च’ नाहीच. इटलीत म्हणतात ‘फ्यांकेत्तो’. इंग्रजी शब्दकोश आता दोन्ही उच्चार नोंदवतात आणि त्यामुळे इटालियन स्पेलिंग म्हणजे लहरी कारभार, असा समज आणखी पक्का होतो. वास्तविक ते स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तीचे आहे, आणि त्या शिस्तीचे मूळ जिभेच्या हालचालीत आहे.

‘कू’ आणि ‘की’ सावकाश म्हणून पाहा. ‘कू’ला जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. ‘की’ला मात्र टेकण्याची जागा पुढे येते, कारण ‘ई’साठी जिभेला कडक टाळूकडे उचलले जायचे असते आणि ती तयारी व्यंजन उच्चारतानाच सुरू होते. पिढ्यानपिढ्या ही जागा पुढे सरकत राहिली, की जीभ सुटताना घर्षण होऊ लागते आणि ‘क’चा ‘च’ होतो. याला तालव्यीकरण म्हणतात. लॅटिनमध्ये शंभराला ‘केन्टुम’ म्हणत, इटालियनमध्ये तो ‘चेन्तो’ झाला. ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी असे झाले, ‘आ’, ‘ओ’, ‘उ’च्या आधी ‘क’ तसाच राहिला.

हे आपल्याला परके नाही. ‘त्याचा’ म्हणा, मग ‘त्याची’ म्हणा. पहिला ‘च’ दातांमागचा, दुसरा टाळूचा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. संस्कृतात तर याचा जुना पुरावा जपलेला आहे. ‘कृ’चे रूप ‘चकार’ होते, ‘गम्’चे ‘जगाम’. धातूचे पहिले व्यंजन असे दोनदा येते तेव्हा ‘क’चा ‘च’ आणि ‘ग’चा ‘ज’ का व्हावा? कारण त्या पहिल्या अक्षरात पूर्वी ‘ए’सारखा स्वर होता. त्याने व्यंजन टाळूकडे ओढले आणि नंतर तो स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला. १८७०च्या दशकात युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांनी हा नियम उलगडला. लॅटिन ‘क्वे’ आणि संस्कृत ‘च’, दोन्ही ‘आणि’ या अर्थाचे, याच नियमाने जुळतात. नाहीशा झालेल्या स्वराचा माग त्याच्या शेजारच्या व्यंजनावरून काढणे, हे मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या तर्कांपैकी एक वाटते.

आता स्पेलिंग. इटालियनमध्ये ‘ए’, ‘इ’च्या आधीचा ‘सी’ म्हणजे ‘च’. मग ‘के’, ‘की’ लिहायचे कसे? मध्ये मूक ‘एच’ घालून. म्हणजे इथे ‘सी-एच’ ही अक्षरे ‘क’ राखण्यासाठी आहेत. इंग्लंड १०६६मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी जिंकल्यावर त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच पद्धतीने तीच जोडी ‘च’साठी रुजवली. इंग्रजी वाचकाचा घोटाळा इथे होतो. ‘जी’चे गणितही तसेच, ‘जी’नंतर ‘आय’ आणि त्यापुढे आणखी स्वर आला, तर तो ‘आय’ सहसा फक्त ‘ज’ दाखवतो, स्वतः उच्चारला जात नाही. म्हणून ‘शांत खेळ’ या अर्थाचे नाव असलेली बुद्धिबळातली सुरुवात (म्हणजे डावाच्या पहिल्या चालींची ठरलेली रचना) ‘ज्वोको प्यानो’, ‘गुइओको पियानो’ नव्हे. सतराव्या शतकातला कालाब्रियाचा खेळाडू जोआकीनो ग्रेको याच्या पहिल्या नावात हे दोन्ही नियम एकत्र सापडतात.

इंग्रजी भाषकाला आणखी एक अडचण येते ती जोड ‘त्त’ची. इटालियनमध्ये ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, इतका फरक पडतो. इंग्रजीत एका मूळ शब्दाच्या पोटात असे द्वित्व नसते, पण दोन शब्दांच्या सीमेवर असते. ‘हॉट टी’ म्हणताना इंग्रज ‘ट’वर जेवढा थांबतो, तेवढाच ‘फ्यांकेत्तो’त थांबला की काम झाले. ‘के’वर जोर, शेवटचा ‘ओ’ सरळ, ‘ओउ’ नको.

‘त’ मात्र त्याला अवघड जातो. १९८४मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना कळेनासा झाला होता. कान घरच्या भाषेला असे लवकर जुळतात. त्यामुळे उच्चार सुधारावेत म्हणून बाळाच्या जिभेला वेखंड चाटवण्याला काहीही आधार नाही. उलट वेखंडातल्या बीटा-अ‍ॅसारोन या रसायनापासून अपायाचा धोका आहे. बाळाशी भरपूर बोलावे, हेच खरे.

मराठी माणसाला ‘त’, ‘त्त’ आणि महाप्राण नसलेला ‘प’ आयते मिळालेले आहेत. तरी एका नावापाशी आपण अडतो. मोदेनाच्या दोमेनिको पोन्त्स्यानीने १७६९मध्ये बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला आणि एका सुरुवातीला त्याचे नाव मिळाले. त्यातला ‘झेड’ म्हणजे ‘चाक’मधला दातांमागचा ‘च’, पण पुढे ‘य’ आहे. मराठीत ‘य’च्या आधी तो ‘च’ टिकत नाही, लगेच ‘चार’मधला होतो आणि आपण ‘पोन्च्यानी’ म्हणून मोकळे होतो. ‘पोन्त्स’ इथे जीभ दातांशीच ठेवून मग ‘यानी’ म्हणा, हळूहळू जमते.